अंगावरचं

"वहिनी, दिसायला छान आहे म्हणून काही चढवू नकोस तिच्या अंगावर. आधी आकडे वाच. बुद्धी वाढत असेल तरच घाल."

धाकटीनं हे मला इस्पितळातल्या खाटेवरून सांगितलं. पाठीचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, उताणी पडून ती छताशीच बोलत होती. धाकटी म्हणजे माझी नणंद. चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. तिनं लग्न केलं नाही. घरबसल्या भाषांतरं करायची, आणि काम आटोपलं की कॉम्प्युटरवर तो खेळ. खेळात तिची एक मांत्रिका होती. सोबतीला तिघं जण, कुठल्या कुठल्या गावचे, एकमेकांना कधीही न भेटलेले. चौघं मिळून एका मोठ्या किल्ल्यात शिरणार होते. त्यासाठी मांत्रिकेची लेव्हल वाढायला हवी होती आणि नेमकी तेव्हाच ही आडवी झाली.

"ते काय माझ्यासाठी जन्मभर थांबणार आहेत? तू रोज थोडं खेळ. नुसती कामं कर, मारामारी नको करूस."

मारामारी मी केलीही नसती. रोज जपाला बसणारी बाई मी, चित्रातला कोल्हा मारायलाही माझा हात धजला नसता. पण त्या जगात न मारताही पुढे सरकता येतं. मुळ्या गोळा करायच्या, कुणाचा निरोप पलीकडच्या गावात पोचवायचा, म्हातारीला विहिरीवरून पाणी आणून द्यायचं. एवढंसं काम केलं की एवढीशी लेव्हल वाढते. मला ते ओळखीचं वाटलं. घरात तरी दुसरं काय करत आले होते?

सकाळी देवापुढचं आटोपेपर्यंत मी मौन पाळते. ते सुटलं की धाकटीच्या खोलीत जाऊन बसायचं. तिची ती पाठीला आधार देणारी खुर्ची, तिच्या अंगाचा खळगा पडलेली उशी, मलमाचा वास, आणि कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. दुपारी डबा घेऊन इस्पितळात. बस बदलून जायचं, जिने चढायचे, परत यायचं. संध्याकाळी पाय असे भरून यायचे की उंबरठाही उंच वाटायचा.

हे छापखान्यातून आले की चिडवायचे. "देवाधर्माची बायको माझी, आता मंत्र टाकायला लागली. मला पोपट करून पिंजऱ्यात नको ठेवूस म्हणजे मिळवली."

"पोपट बोलतो तरी," मी म्हणायची. "तुम्ही पेपरमागून हूं हूं करता."

धाकटी मला खाटेवरून शिकवत होती. लोखंड पुढच्यांना, मार त्यांनी खायचा. आपण कापड नेसायचं आणि लांबून मंत्र टाकायचे. ताकद लिहिलेलं दिसलं की सोडून दे. प्राण लिहिलं असेल तर थोडं चालतं. बुद्धी लिहिलं असेल तर डोळे मिटून घे. "आणि एकदा अंगाला लागलेली वस्तू दुसऱ्याला देताच येत नाही," ती म्हणाली. "म्हणून घालताना विचार कर. जुनी झाली की दुकानात विकून टाक."

स्वतःच्या लग्नातले कपडे निवडताना मी इतका विचार केला नव्हता.

तिची प्रकृती सुधारत होती. व्यायाम घेणाऱ्या बाईच्या आधारानं ती उभी राहायला लागली होती, चार पावलं टाकायला लागली होती. महिना संपायच्या आत घरी चालत जाल, असं डॉक्टर म्हणाले होते. धाकटीनं ते गाठीला बांधून ठेवलं होतं. "स्ट्रेचरवरून नाही हं येणार मी. शेजाऱ्यांना फुकट तमाशा कशाला?"

माझा आणखी एक नेम आहे. रोज कुणाला तरी काहीतरी दिल्याशिवाय मी जेवत नाही. त्यात मोठं काही नाही. कधी शेजारणीला वाटीभर साखर, कधी जिना झाडणारीला जुना स्वेटर, काहीच जमलं नाही तर खिडकीत पाखरांना दाणे.

एका सकाळी काहीच जमेना. शेजारचं दार बंद होतं. जिना झाडणारी आली नाही. दाणे तसेच पडून राहिले, पाखरू म्हणून फिरकलं नाही. जेवण तसंच राहिलं होतं, निघायची वेळ होत आली होती. मांत्रिका एका लाकडी पुलावर उभी होती. खाली धुकं होतं, पलीकडे पाणचक्की फिरत होती. पुलाच्या टोकाशी कुणीतरी बसलं होतं.

त्या खेळात प्रत्येकाच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत नाव तरंगतं. अगदी विहिरीवरच्या म्हातारीच्याही. याच्या डोक्यावर काही नव्हतं. अंगावर राखाडी काहीतरी, पाय अनवाणी, चेहरा खाली. पुलावरून खेळणारे धावत येत-जात होते, पण तिथे कुणी रेंगाळत नव्हतं. त्यानं हात पुढे केलेला होता, तळवा वर.

मला वाटलं, कुणी नवशिक्या असेल.

मांत्रिकेच्या हातांत जुने कापडी हातमोजे होते, धाकटीनं खेळातच विणून केलेले. पिशवीत नवे आले होते, जास्त बुद्धीचे. मी जुने उतरवले, नवे चढवले, आणि जुने त्या तळव्यावर ठेवले. ते गेले. अंगाला लागलेलं देता येत नाही, हे मला त्या वेळी आठवलंही नाही. नेम पार पडला होता. मी दोन घास खाल्ले आणि बस पकडली.

दुपारी धाकटीच्या हातून चमचा पडला. मी उचलून दिला. पुन्हा पडला.

"सकाळपासून असंच चाललंय," ती बोटं डोळ्यांसमोर धरून म्हणाली. "हात कुणाकडून उसने आणल्यासारखे वाटतायत."

सिस्टर म्हणाल्या, नस दबली असेल, होतं असं. मी तिला भरवलं. भरवता भरवता मोज्यांचं सांगितलं.

"दिलेस? अंगावरचे?" ती हसली. "जमतच नाही गं तसं. विकले असशील तू."

"असेल," मी म्हटलं. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

पुढच्या सकाळी शेजारीण घरात होती, पाखरंही आली. पण माझे पाय आधी त्या खोलीकडे वळले. तो पुलावर होताच. हातात मोजे होते, आणि हात पुढे होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घरात सगळ्यांना सगळं देते, कुणाचं लक्षही नसतं. इथे कुणीतरी माझी वाट बघत बसलं होतं. म्हातारीच्या कामातून नवे बूट मिळाले होते. मी जुने उतरवून दिले.

त्या दुपारी खाटेभोवती डॉक्टर होते, व्यायामवाली बाई होती, आणि कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. काल चार पावलं टाकलेली बाई आज उभी राहत नव्हती. फोटो काढले होते, फोटोत काही नव्हतं. ऑपरेशन उत्तम झालं होतं. डॉक्टरांनी तिच्या तळव्यावर सुई टोचली, तिला कळलं नाही.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, "वहिनी, पांघरुणाखाली पाय आहेत का बघ गं. माझे मला सापडत नाहीयेत."

मी दोन्ही पाय हातांत धरले. गार होते. "आहेत," मी म्हटलं.

"धरून ठेव थोडा वेळ. मला नाही कळणार. तरी धर."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी मी धरून बसले होते.

तेव्हाही मी दोन आणि दोन चार केले नव्हते. थकलेल्या माणसाचं असं होतं, समोर दिसतं आणि आत पोचत नाही. ते पोचलं दुसऱ्या सकाळी.

मी खेळ सुरू केला तेव्हा तो बसलेला नव्हता. पुलावर येरझाऱ्या घालत होता.

त्या खेळात सगळे सारखेच चालतात. राजा आणि भिकारी एकाच चालीचे. हा मात्र डावी टाच किंचित घासत होता. धाकटी लहानपणापासून तशी चालते. तिच्या सगळ्या चपला डाव्या बाजूनं झिजलेल्या असतात.

तो माझ्यासमोर येऊन थांबला. एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून ओढली. धाकटी भाषांतर करताना शब्द अडला की अशीच बोटं ओढते.

मग त्यानं तळवा वर केला. खालच्या चौकटीत, जिथे खेळणारे एकमेकांशी बोलतात, तिथे अक्षरं आली. नाव नव्हतं.

"टोपी."

मांत्रिकेच्या डोक्यावर जुनी निळी टोपी होती. पिशवीत नवी होती, दुप्पट बुद्धीची.

मी एका बोटानं टाइप केलं. "दिलेलं परत द्या."

पंख्याची घरघर चालू होती. पाणचक्की फिरत होती.

"दिलेलं मागे मागायचं नाही. घेणारा कोण ते विचारायचं नाही. कुणाला सांगायचं नाही."

हे माझ्या नेमाचे तीन बंध आहेत. शब्दही तेच, क्रमही तोच. ते मी मनात धरलेले आहेत. आजवर ह्यांच्याजवळही कधी बोलले नव्हते.

मी मांत्रिकेला वळवून दुसऱ्या वाटेनं नेलं. विहिरीवर तो उभा होता. दुकानाच्या पायरीवर तो होता. मी कॉम्प्युटर बंद केला. काळ्या पडद्यात माझा चेहरा दिसत होता, आणि माझ्या चेहऱ्यासमोर, तळवा वर केलेला एक हात.

मी पुन्हा बटण दाबलं.

"ते माझं नव्हतंच," मी लिहिलं. "दुसऱ्याचं देऊन टाकलं मी. ते दान नव्हे."

चौकटीत अक्षरं आली, "तुझं काय आहे?"

मी माझ्या हातांकडे बघितलं. भांडी घासून रेषा पांढऱ्या पडलेले, नखं कापलेले. डाव्या अंगठ्यावर जुना भाजल्याचा डाग.

"दिलेल्याच्या बदली माझं," मी लिहिलं. "मोज्यांचं आत्ता. बुटांचं परवा. मध्ये एक दिवस द्या, घर लावायचं आहे."

"ये."

काय करायचं ते मला कुणी सांगितलं नाही. मी दोन्ही तळवे पडद्याला टेकवले. काच गार होती. मग ती गार आहे हे कळेनासं झालं.

मांत्रिकेची पिशवी उघडली, तर जुने कापडी मोजे परत आलेले होते.

दुपारी धाकटी उशाला टेकून स्वतःची वेणी घालत होती. "बघ," ती म्हणाली, "बोटं अशी गेली आणि अशी आली. डॉक्टर म्हणतात, पायही असेच येतील. तू का गं अशी बघतेस? दृष्ट लावशील."

"नाही लावत," मी म्हटलं. डबा उघडायला मी तिलाच सांगितलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, ती आनंदात होती. "अजून एक महिना थांबतो म्हणाले तिघं," ती म्हणाली. "तोवर मी खुर्चीत बसेन, आणि तू सुटशील."

हे मी कागदाकडे बघत बघत लिहिते आहे. पेन्सिल बोटांत आहे की निसटली, ते मला डोळ्यांनीच कळतं. सकाळी दिवा लावताना काडी बोटापर्यंत जळत आली होती. वास आला तेव्हा समजलं. फुंकर मारली आणि जप पुढे चालू ठेवला. देवाला मी काही विचारलं नाही. नेम मी धरला होता. त्यानं धरायला लावला नव्हता.

कालचा दिवस घर लावण्यात गेला. वरच्या फळीवरचे डबे खाली आणले, सावकाश, प्रत्येक डब्याकडे बघत. ताटं, वाट्या, पातेली ओट्याखाली मांडली. देवाची फळी भिंतीवरून उतरवून बैठकीच्या उंचीला ठेवली. दोरीवरचे कपडे काढले आणि दोरी खिडकीच्या गजाला खालून बांधून घेतली.

संध्याकाळी हे घरात आले आणि दारातच थबकले. "हे काय? घरात बुटके पाहुणे येणार आहेत का?"

"हाताशी असलेलं बरं," मी म्हटलं.

"आणि मला वाकून वाकून पाठदुखी झाली म्हणजे?"

"तुम्हाला काही वाकावं लागणार नाही. मी आहे ना खाली."

ते हसले आणि पेपर घेऊन बसले.

आज सकाळी मौन सुटलं तेव्हा हे कामावर निघून गेले होते. धाकटी जागी झाली असेल, व्यायामवाली बाई येईल म्हणून केस विंचरत असेल. मी घरभर एक फेरी मारली. पाय फार दुखत होते. टाचेपासून पोटरीपर्यंत, रोजच्यासारखेच. आज ते दुखणं मी नीट लक्ष देऊन भोगलं.

मग बाहेरच्या चपला धुऊन, पुसून दाराबाहेर ठेवल्या, तोंडं रस्त्याकडे करून, कुणालाही सहज पाय घालता येतील अशा. आजचं द्यायचं झालं.

आणि पुलावर जायला उठले.