कच्च्या सिमेंटचं कुलूप

"सिमेंट कच्चं हाय," शेषेराव म्हणाले. सातधार धबधब्याचे ते राखणदार. रॅम्पच्या फाटकाला भलंमोठं कुलूप होतं आणि कुलपाला पाठ लावून ते उभे होते. "पावलं उमटली तर बोलणी मला बसतात. पुढच्या साली या."

पुढच्या साली! सृष्टीनं आपल्या चाकांच्या खुर्चीचा ब्रेक खटकन लावला. लातूरहून ती इथवर आली होती, ती याच रॅम्पसाठी. तिची मैत्रीण धम्मप्रिया हिचं आजोळ इस्लापूरला. तिथून धम्मप्रियाच्या आजोबांनी, ग्यानोबांनी, फोन करून सांगितलं होतं, की धबधब्यावर यंदा पायऱ्यांशेजारी खुर्ची उतरेल अशी वाट झालीय, दिवाळीच्या सुट्टीत सगळे या. सगळे आले. फाटकावर खुर्चीचं चित्र असलेली निळी पाटी होती, आणि खाली हे कुलूप.

मग नेहमीचंच झालं. बाबा म्हणाले, राहू दे बेटा, मी खाली जाऊन व्हिडिओ काढून आणतो. आईनं तिच्या मांडीवर डब्यांची पिशवी ठेवली, त्यावर पाण्याच्या बाटल्या आल्या, आणि मंडळी पायऱ्या उतरू लागली. सहलीत सृष्टीनं सामान सांभाळायचं असं घरात कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच होत आलं होतं. किल्ल्याच्या पायथ्याशी तिनं गाडीत बसून पिशव्या सांभाळल्या होत्या, लेण्यांपाशी चपला. व्हिडिओ तर इतके पाहिले होते, की डोंगर, नदी, समुद्र सगळं तिला तळहाताएवढंच वाटायला लागलं होतं. आज मात्र तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. उद्या सकाळी परतीची गाडी होती.

धम्मप्रिया तिच्यासोबत वरच थांबली. तिची आजी, सरजाबाई, याही थांबल्या. त्यांचे गुडघे पायऱ्यांचं नाव काढू देत नसत. माहेर-सासर दोन्ही इथलं, पण धबधबा जवळून पाहून किती वर्षं झाली ते त्यांनाच आठवत नव्हतं. त्या कट्ट्यावर बसून कुलपाकडे बघत राहिल्या.

सृष्टीची नजर बोलतानासुद्धा जमिनीवर असते. कुठं खड्डा, कुठं दगड, हे तिला इतरांच्या आधी कळावं लागतं. फाटकापाशी खुर्ची वळवताना चाकाखाली कट्ट असं वाजलं. तिनं वाकून उचललं. पिवळा, गोल, टणक दाणा.

"सोयाबीन," धम्मप्रिया बघताक्षणी म्हणाली. एखादा दाणा पाखरानंही आणून टाकला असता. पण हे दाणे ओळीनं पडले होते आणि ओळ फाटकाखालून आत गेली होती. पुढं रॅम्प तिकीटखोलीच्या मागं वळत होता आणि पायऱ्यांच्या बाजूनं मधे उंच खडक होता, त्यामुळं पलीकडचं काही दिसत नव्हतं.

एवढ्यात सृष्टीचा दादा मल्लिनाथ अर्ध्या पायऱ्यांवरून परत आला. खाली गर्दी फार आहे म्हणाला. खरं कारण त्यानं सांगितलं नाही, पण दोघींना कळलं. त्याला दाणे दाखवताच त्यानं गजांतून हात घालून सिमेंट चाचपलं. कडकडीत कोरडं! त्यांच्या घरावर खोली चढवली तेव्हा या बहीणभावाची अख्खी उन्हाळी सुट्टी स्लॅबवर पाणी मारण्यात गेली होती. कच्चं सिमेंट पोत्यांनी झाकून ओलं ठेवावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. इथं पोतं नाही आणि पाण्याचा थेंबही नाही.

"म्हणजे काका थापा मारतायत," मल्लिनाथ म्हणाला. "थांब, मी फाटकावरून उडी मारून बघतो."

"उडी मारलीस तर तू चोर ठरशील आणि कुलूप तसंच राहील," सृष्टी म्हणाली. "कुलूप त्यांनी स्वतःच्या हातानं काढायला हवं. सगळ्यांसमोर."

तिची नजर तिकीटखोलीपाशी गेली. तिथं झाडांना पाणी घालायचा रबरी पाइप वेटोळं घालून पडला होता. तिनं धम्मप्रियाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि धम्मप्रिया हसू दाबत पाइप घेऊन आली. मल्लिनाथ गुपचूप नळापाशी जाऊन उभा राहिला.

मंडळी वर येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. आई-बाबा आले, ग्यानोबाआजोबा आले, मागून इतर पर्यटक धापा टाकत आले. शेषेराव चहावाल्याशी गप्पा मारत होते. सृष्टीनं पाइपचं तोंड गजांतून आत घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, अगदी अदबीनं बोलली.

"शेषेरावकाका, कच्च्या सिमेंटला पाणी मिळालं नाही तर तडे जातात. तुम्ही एकटे कुठं कुठं बघणार? आम्ही मारतो पाणी. दादा, सोड नळ."

मल्लिनाथनं नळ सोडला. पाणी उतारावरून वळणाकडं धावलं. शेषेरावांचा चहा हातातच हिंदकळला.

"ए पोरी, बंद कर! माझं सोयाबीन हाय तिथं!"

बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मल्लिनाथनं शहाण्या मुलासारखा नळ बंद केला. शेषेरावांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि वळणापर्यंत धावत सुटले. कच्च्या सिमेंटवर त्यांचं एकही पाऊल उमटलं नाही.

वळणापलीकडं रॅम्प पिवळाधमक झाला होता. पसरलेलं सोयाबीन थेट खालपर्यंत!

ग्यानोबांनी त्यांना बरंच सुनावलं. शेषेराव मान खाली घालून ऐकत होते. "काय सांगू, काका. घरी जागा न्हाई. सडकेवर वाळत घातलं तर गाड्या चिरडून जातात. ही जागा लई झक्कास, गुळगुळीत, दिसभर ऊन, गुरं येत न्हाईत. अन् मला वाटलं, इथं खुर्चीवालं येतंय कोण?"

"कुलूप असल्यावर कोण येणार, काका?" सृष्टी म्हणाली.

ग्यानोबा म्हणाले, माल माझ्या अंगणात नेऊन टाक, पण ही वाट पुन्हा अडली तर मी स्वतः पंचायतीत उभा राहीन. मग सगळ्यांनीच हात लावला. पोती भरली, सरजाबाईंनी खराटा मागून घेतला, आणि बघता बघता रॅम्प मोकळा झाला.

मांडीवरचं सामान वरच ठेवून सृष्टी एकटी उतरली. कुणी ढकलायची गरज पडली नाही. उतार सौम्य होता, वळणावर थांबायला सपाट जागा होती. तिच्यामागून सरजाबाई कठडा धरून आल्या. त्यांच्यामागून बाबागाडी ढकलत एक बाई, आणि चहाची किटली घेऊन चहावाला. पायऱ्यांवर निम्मा चहा सांडायचा, असं तो सांगत होता. खाली कठडा भिंतीचा नव्हता, गजांचा होता. ज्यानं बांधलं त्यानं डोकं वापरलं होतं. खुर्चीत बसूनही सगळं दिसत होतं.

पाणी गडगडत कोसळत होतं. तुषार सृष्टीच्या तोंडावर आले. व्हिडिओत तुषार येत नाहीत. आता मात्र तिला रडू आलं आणि तिनं डोळे पुसलेही नाहीत, चेहरा ओलाच होता. शेजारी सरजाबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. बाबांनी मोबाइल खिशातून काढला, पोरीकडं पाहिलं आणि परत खिशात ठेवला.

"डोकं हाय पोरीला," ग्यानोबा म्हणाले. "आम्ही मोठी माणसं कुलूप बघून मागं फिरलो."

तेवढ्यात आई दचकली. "अगं, पिशव्या? पिशव्या कुणाकडं आहेत?"

सगळ्यांनी वर पाहिलं. पायऱ्यांच्या माथ्यावर, उघड्या फाटकापाशी शेषेराव बसले होते. मांडीवर डब्यांची पिशवी, दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटल्या. त्यांना हलताही येत नव्हतं.

सृष्टीनं त्यांना हात केला. "असू दे," ती म्हणाली. "आज त्यांची पाळी."