पहिल्या यादीतला नंबर

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी आयुष्यभर सरकारी कारकून होतो, आणि कारकुनाला कल्पनाशक्ती असते असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

यात मध्यरात्र नाही, वादळ नाही, कुत्र्याचं रडणंही नाही. सगळं सुरू झालं ते शनिवारी, भर दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी. टेलिफोन एक्स्चेंजच्या पहिल्या मजल्यावर. खिडक्या उघड्या होत्या आणि ऊन थेट बोर्डापर्यंत आलेलं होतं.

आधी थोडं कामाबद्दल सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही.

तेव्हा फोन ऑपरेटर जोडून द्यायच्या. समोर मोठा बोर्ड आणि प्रत्येक नंबराखाली एक बारीक दिवा. कोणी घरी रिसीव्हर उचलला की इथे त्याचा दिवा लागायचा.

लढाईची चिन्हं दिसू लागली तसा वरून हुकूम आला. संकटात सगळेच एकदम फोनकडे धावतात आणि मग कोणाचाच लागत नाही. म्हणून नंबरांच्या याद्या करायच्या. पहिल्या यादीत सैन्य, दवाखाने, अग्निशमन, पाणीपुरवठा. दुसऱ्या यादीत सरकारी कचेऱ्या, वर्तमानपत्रं. तिसऱ्या यादीत उरलेले, म्हणजे तुम्ही आणि मी.

वेळ आली की तिसऱ्या यादीच्या चौकटीवरची लाल पट्टी ओढायची. पट्टी ओढली की त्या सगळ्या घरांतून बाहेर फोन लागणं बंद. रिसीव्हर उचलला तरी कानात काही नाही... साधी खरखरसुद्धा नाही.

आम्हाला मात्र इथून त्या घरांना फोन लावता यायचा. हे लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

याद्या सांभाळायचं काम माझं होतं. एका नंबराला एक कार्ड. यादी नंबराची, माणसाची नाही. कोणी जागा बदलली, नवा नंबर घेतला, की ते कार्ड मी बदलायचं. डोकं लागत नाही या कामाला, फक्त आळस नको. आणि माझ्या अंगात आळस ठासून भरलेला होता.

माझी बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. लग्न झालं तरी धाकटीच. तिचा नवरा आघाडीवर गेला आणि ती बाळंतपणाला आमच्याकडे आली.

तिचं नाव घातलं होतं नर्सबाईंच्या प्रसूतिगृहात. चार खाटा, हात चांगला, बोलणं तिखट. त्याच महिन्यात नर्सबाईंनी जुनी जागा सोडून दोन गल्ल्या पलीकडे नवी घेतली. जुना नंबर पहिल्या यादीत होता. नव्या जागेचा नंबर मिळाला ४१७२. नव्या नंबराचं कार्ड रिवाजाप्रमाणे तिसऱ्या यादीत पडलं, आणि मी ते पहिल्या यादीत न्यायचं होतं.

नर्सबाईंनी बदलाचा अर्ज स्वतः आणून दिला. वर म्हणाल्या, विसरू नकोस, तुझीच बहीण यायची आहे. मी हसलो आणि अर्ज खणात ठेवला. सोमवारी करू म्हटलं.

तो खण माझ्या उजव्या गुडघ्याला लागायचा. सोमवार येऊन गेले, तीन.

त्या शनिवारी सकाळी धाकटीला कळा सुरू झाल्या. मीच तिला नर्सबाईंकडे सोडलं आणि कामावर आलो. पायरीवर ती म्हणाली, "दादा, काही लागलं तर फोन करीन हं. तू तिथेच असशील ना?"

म्हटलं, मी कुठे जातोय.

दोन वाजून दहा मिनिटांनी सायरन झाला. साहेबांनी मान हलवली आणि सुपरवायझर बाईंनी लाल पट्टी ओढली.

बोर्डावरचे दिवे एका झटक्यात गेले. उरले फक्त पहिल्या दोन याद्यांचे. ऑपरेटर मुली हात मांडीवर ठेवून बसल्या. एवढ्या मोठ्या खोलीत पंख्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

पाऊण तासानं, दोन पंचावन्नला, पट्टी परत लावली. आणि मग...

सगळ्या बोर्डावर एकदम दिवे लागले. शेकडो. त्यांतला एक ४१७२ होता. ऑपरेटरनं उचलला, तर नर्सबाई रडत होत्या.

मुलगी झाली होती, दोन वाजताच. मग धाकटीचं रक्त थांबेना. नर्सबाई एकट्या, आया जेवायला घरी गेली होती ती सायरनमुळे परत आलीच नव्हती, रस्त्यावर कोणाला फिरकू देत नव्हते. हातानं दाबून धरायचं आणि मधूनमधून फोन बघायचा, एवढंच त्यांच्या हातात होतं. पाऊण तास फोन मेलेला. शेवटी धाकटीनंच रिसीव्हर मागून घेतला म्हणे. म्हणाली, "माझा दादा तिथेच बसतो. त्याला ऐकू जाईल."

अँब्युलन्सचा अड्डा तिथून पाच मिनिटांवर. त्यांचा फोन पहिल्या यादीत होता आणि पूर्ण वेळ चालू होता. ड्रायव्हर त्याच्याशेजारी पेपर वाचत बसला होता.

नर्सबाईंच्या जुन्या जागेतलाही फोन पाऊण तास चालू होता. कुलूप लावलेल्या रिकाम्या घरात. आणि मी इथून ४१७२ केव्हाही लावू शकलो असतो, पण ते सुचलंच नाही.

धाकटी गेली.

आणि मी काय केलं ते सांगतो. लाज वाटते, पण सांगतो. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी खण उघडला, ४१७२ चं कार्ड पहिल्या यादीत लावलं आणि तारीख टाकली महिन्यापूर्वीची. बैल गेला आणि झोपा केला. चौकशी झाली तेव्हा कार्ड जागच्या जागी होतं. केबलमध्ये दोष असावा, असा शेरा मारून साहेबांनी फाईल बंद केली.

नर्सबाईंनी काम सोडलं आणि गावही सोडलं. मला वाटतं, त्यांना माहीत होतं.

धाकटीचा नवरा परत आला, पुढे त्यानं दुसरं लग्न केलं. बाळ आमच्याकडे राहिलं. माझ्या बायकोनं तिला वाढवलं. आई कशी गेली असं तिनं विचारलं की मी सांगायचो, गाडी लगेच आली होती, डॉक्टरांनी शर्थ केली, पण नशीब.

लढाई संपली. सरकारनं नवं धोरण काढलं. संकटात दळणवळण तुटू नये म्हणून दरवर्षी सराव करायचा, दहा मिनिटं. साहेबांनी आमच्यासाठी दिवस आणि वेळ तीच ठेवली. म्हणाले, अनुभवाची वेळ आहे.

पहिल्या सरावाला पट्टी ओढली. दिवे गेले. पंख्याचा आवाज आला.

आणि... एक दिवा लागला.

४१७२.

प्रसूतिगृहाला तेव्हा कुलूप होतं. ऑपरेटरनं विचारलं, कोण बोलतंय? पलीकडे फक्त कोणीतरी श्वास घेत होतं, दमल्यासारखं. सुपरवायझर बाई म्हणाल्या, शेजारच्या लाइनीतून येत असेल.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तोवर इमारत पाडून झाली होती. तिसऱ्या वर्षी मी सरावाच्या आदल्या दिवशी लाइनमनला घेऊन गेलो. मोकळं मैदान, कडेला खांब, खांबावर तुटकी तार. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. ती तार कुठेही जात नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन दहाला दिवा लागला.

या वेळी मी ऑपरेटरला बाजूला व्हायला सांगितलं आणि तिचा हेडफोन डोक्याला लावला. काही नाही... मग श्वास... मग अगदी जवळून, कानाशी बोलल्यासारखं,

"दादा, गाडी निघाली का?"

मला घाम फुटला असं लोक लिहितात. मला घाम फुटला नाही. मला फक्त उत्तर द्यायचं होतं. सांगायचं होतं की अर्ज माझ्या खणात होता. सांगायचं होतं की मुलगी तीन वर्षांची झाली आणि तुझ्यासारखीच हट्टी आहे.

तोंडातून निघालं, "निघाली. येतेच आहे."

"बरं," ती म्हणाली. आणि वाट बघत राहिली. दहा मिनिटं तिचा श्वास ऐकत होतो. पट्टी परत लागली आणि दिवा विझला.

एकवीस वर्षं, दरवर्षी एकदा. तोच प्रश्न, तेच उत्तर. दरवर्षी ठरवून जायचो की आज खरं सांगेन. एकदा तर कागदावर लिहून नेलं. पण ती इतक्या विश्वासानं विचारायची की माझी जीभ उचलायचीच नाही. मरणाऱ्या माणसाला गाडी येत नाहीये असं कसं सांगायचं? आणि आधीच मेलेल्याला?

मग एक्स्चेंज बंद झालं. बोर्ड भंगारात गेला, कार्डं संगणकात चढली, मी निवृत्त झालो. त्या वर्षी दोन दहाला मी घरी खुर्चीत घड्याळाकडे बघत बसलो होतो. तिकडे ती रिसीव्हर धरून बसली असेल आणि उचलायला कोणी नसेल, हे मला कळत होतं. काही करता येत नव्हतं. पुढची सगळी वर्षं तशीच गेली.

माझी भाची आता छत्तीस वर्षांची आहे. हुशार निघाली, आमच्या घराण्यात कुठून आली कोण जाणे. तिनं परीक्षा दिल्या आणि नेमकी त्याच खात्यात लागली. संकटकाळात कोणते फोन चालू ठेवायचे, ते ठरवणाऱ्या केंद्रात. मी तिला म्हटलं होतं, बाई, दुसरीकडे बघ. ती म्हणाली, मामा, तुझंच काम आहे, तर मला का नको?

गेल्या महिन्यात सराव झाला. पहिल्यांदाच तिच्या हातात.

संध्याकाळी घरी आली, चप्पल काढली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मामा, एक गंमत झाली. पहिल्या यादीत एक चार आकडी नंबर आहे. एवढ्या जुन्या पद्धतीचा नंबर आता नसतोच. पण पहिल्या यादीतलं काही काढायची कोणाची हिंमत नाही, म्हणून तो तसाच राहिलाय. आज त्याच्यावरून फोन आला."

मी हातातला कप खाली ठेवला.

"एक बाई होती. तिनं विचारलं, गाडी निघाली का? मला वाटलं, सरावाचा भाग असेल. मी सगळं तपासलं. त्या नंबरासाठी कुठलीच गाडी कधी मागवलेली नव्हती."

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं तेच. आम्हाला तसं शिकवलंय, घाबरलेल्या माणसाला खोटी आशा लावायची नाही. म्हटलं, नाही निघाली. कोणी पाठवलीच नाही."

पंखा चालू होता. त्याचा आवाज येत होता.

"ती काही म्हणाली?"

"म्हणाली... दादा तर म्हणाला होता, येतेच आहे." भाचीनं माझ्याकडे बघितलं. "तुमच्या एक्स्चेंजमध्ये दादा म्हणून कोण होतं रे?"

असेल कोणीतरी, म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय छत्तीस वर्षांची आहे, ती एका संध्याकाळी कशी सुटणार?

त्यानंतरच्या शनिवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, माझा मोबाइल वाजला. त्या दिवशी सराव नव्हता. पडद्यावर चारच आकडे होते...

मी उचलला नाही. तो पाऊण तास वाजत राहिला. आपोआप बंद झाला नाही आणि मलाही तो बंद करता आला नाही. दोन पंचावन्नला थांबला.

आता दर शनिवारी वाजतो. सिमकार्ड काढून ठेवलं तरी वाजतो. एवढी वर्षं ती विचारायला फोन करायची. आता कशासाठी करते ते मला माहीत नाही.

काल भाचीला सुट्टी होती. ती पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि फोन वाजायला लागला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

शेवटी ती दारात येऊन उभी राहिली. तिच्या आईसारखीच, चौकटीला एक खांदा टेकवून.

"मामा, उचल ना," ती म्हणाली. "कोणाला तरी काहीतरी लागत असेल."

मी म्हटलं, राँग नंबर आहे. ती पुढे आली, तिनं फोन हातात घेतला आणि पडद्यावरचे चार आकडे बघितले.

तिनं तो कानाला लावला, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.