पट्टीवरचा आकडा

औषधाच्या दुकानात कधी कोणी प्रेमात पडतं का हो? स्वराली पडली. तेही सदाशिव पेठेत, भर दुपारी, बाबांच्या शुगरच्या पट्ट्या विकत घेताना!

"डबीचं झाकण घट्ट लावत जा. दमट हवेनं पट्ट्या बिघडतात," मागून कोणीतरी म्हणालं.

"तुम्हाला विचारलं?"

"नाही. पण माझं कामच ते आहे..."

त्याचं नाव इंद्रजीत. हाताला चिकटवली की घामावरून साखर सांगेल, अशी पट्टी तो लॅबमध्ये तयार करत होता. त्या चकमकीचा चहा झाला, चहाचं रोजचं फिरणं झालं, आणि गेल्या रविवारी सारसबागेत त्यानं सरळ विचारलंच — "आई-बाबांना घेऊन तुमच्याकडे येऊ?"

"शनिवारी सांगते," ती म्हणाली. उगीच, जरा भाव खायला. उत्तर तर केव्हाच ठरलं होतं.

आणि आज शनिवारी, बाकावर टेकताच ती म्हणाली, "नाही जमणार."

"कारण कळेल, की वेगळा अर्ज करायचा?"

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले. "सकाळी बाबांची शुगर बघितली, मग गंमत म्हणून माझीही. तीनशे साठ आली रे! आता जन्मभर सुया आणि पथ्यं... तुझ्या गळ्यात हे कशाला?"

इंद्रजीतचा चेहरा पडला. पण क्षणभरच.

"मग घेऊ की सुया. मी शिकेन टोचायला. मला तू हवी आहेस, स्वराली. तू फक्त हो म्हण, आम्ही उद्याच येतो." तो थांबला. "पण... तपासण्याआधी काय करत होतीस?"

"आमरसाचे आंबे पिळत होते."

"हात धुतले होतेस?"

"पुसले की. फडक्याला!"

तो आधी बघतच राहिला, मग खो-खो हसायला लागला. "अगं बाई! पट्टीला काय कळणार, साखर रक्तातली की हापूसची? समोर आली तेवढी तिनं मोजली!"

"इथं माझा जीव जातोय आणि तू हसतोस?"

तिनं बागेतल्या नळावर दोनदा हात धुतले. त्यानं सॅकमधून मशीन काढलं, अलगद बोट टोचलं. तिनं डोळे गच्च मिटले.

"एकशे चार. ठणठणीत आहेस."

हुश्श! तिचा जीव भांड्यात पडला. रडू आलं, हसू आलं, दोन्ही एकदमच. बोट मात्र अजून त्याच्याच हातात होतं.

"झालं ना तपासून? सोड की."

"आधी उत्तर."

"या उद्या," ती हळूच म्हणाली. "पण आकडा चुकला म्हणून नाही हं. तो खरा वाटत होता, तरी तू येतो म्हणालास... म्हणून."

इंद्रजीतनं डाव्या हातानं कसाबसा फोन काढला आणि आईचा नंबर लावला. उजवा काही त्यानं सोडवला नाही.