हात बाहेर?

हन्ना शिरूरहून भांडगावला निघाली ती साध्याच कामाला. दूध थंड करायच्या प्लांटमध्ये कॉम्प्रेसरला किती करंट जातो, तेवढं मोजायचं आणि अपघातानंतरच्या तपासणीच्या कागदावर सही करायची. पण चौफुला येईपर्यंत रागानं तिचं डोकं ठणकायला लागलं होतं. त्याच प्लांटच्या पॅनेलमध्ये काम करताना दीड महिन्यापूर्वी शॉक लागून भारत गेला होता. सहा वर्षं तिच्या हाताखाली शिकलेला, तिला ताई म्हणणारा भारत.

तिथला रिवाज सगळ्यांना पाठ होता. मेन स्विच चालू करण्याआधी ओरडायचं, "हात?" पॅनेलमधल्यानं म्हणायचं, "बाहेर!" ते ऐकल्याशिवाय हँडलला शिवायचं नाही. त्या दिवशी हँडल वर करणारे मॅनेजर सोपानराव छातीठोकपणे सांगत होते, भारत 'बाहेर' म्हणाला. कागदावरही तेच होतं. चूक मयताची. हन्नानं सही केली की ते कायमचं ठरणार होतं.

"मेनला कुलूप लावते आधी," ती म्हणाली.

"दूध नासंल, मॅडम," सोपानराव म्हणाले. "पाच मिन्टाचं काम हाय. त्या दिशीबी न्हवतं लावलं."

"म्हणूनच लावायचं!"

तिनं मेन बंद केला तसं भर दुपारी खोलीत अंधारून आलं. कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला. हन्नानं हँडलला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली, टेस्टर लावून वीज नसल्याची खात्री केली. मग पिशवीतून करंट मोजायचा सेन्सर काढला. बोटाएवढा जाड, दोरीसारखा वाकणारा. तो केबलभोवती फिरवून तिनं टोकं जुळवली. टक्. बाहेर येऊन तिनं पॅनेलचं दार लावलं.

सेन्सरला जोडलेल्या मीटरवर शून्य दिसायला हवं होतं. दिसले चार अँपिअर. मग नऊ. मग एकवीस. जळक्या रबराचा वास हळूहळू खोलीभर पसरला.

"मीटर... बिघडलंय," सोपानराव पुटपुटले.

हन्नाच्या तोंडातून सवयीनंच निघालं, "हात?"

"बाहेर," सोपानराव म्हणाले.

आणि बंद दाराच्या आतून, अगदी दबक्या आवाजात...

"थांबा, सायेब... हात आतच हाय..."

सोपानराव भिंतीला टेकले. "ह्येच... ह्येच म्हनला व्हता त्यो. मला वाटलं, हँडल वर जाईस्तवर काढंल हात..."

हन्नाच्या भीतीपेक्षा तिचा संताप मोठा होता. दीड महिना हा माणूस मेलेल्याच्या तोंडी खोटं घालत होता! तिनं कागद त्यांच्या छातीवर आदळला. "लिहा. आत्ता जे बोललात तेच. तुमच्या हातानं."

त्यांनी लिहिलं. खाली सही झाली तसं मीटर शून्यावर आलं.

हन्नानं सेन्सर काढला, दार लावलं आणि किल्ली घेऊन मेनपाशी गेली. हँडलला दोन कुलपं होती. एक तिचं. दुसरं काजळीनं काळं पडलेलं. भारतनं असं कुलूप तीनदा मागितलं होतं, प्लांटनं कधी दिलं नव्हतं. तिनं बोट लावलं तर ते गरम होतं. त्याला चिठ्ठी बांधलेली होती, आणि अक्षर तिच्या ओळखीचं होतं.

'भारत. हात आत.'