दोन बोटं आखूड

"हा गाऊन नकली आहे, आणि तो या बाईनंच बदललाय," मालकीणबाईंनी रफूवालीकडे बोट दाखवलं.

जावईबापूंना ते लगेच पटलं. सासरे नावाजलेले खाजगी गुप्तहेर आणि जावईबापू त्यांचे मदतनीस. पण त्यांनी लावलेला शोध म्हणजे जावईशोधच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

साठ वर्षांपूर्वी एका नामांकित डिझायनरनं मालकीणबाईंच्या आईसाठी लग्नाचा हा रेशमी गाऊन शिवला होता. संग्रहालयात मांडण्याआधी तो महिनाभर रफूवालीकडे होता. आता पुतळ्यावर चढवला तर वाकडा! खांद्यापासून कमरेपर्यंत डावी बाजू दोन बोटं आखूड, आणि आत कापसाची गादी फक्त डाव्या खांद्याला. असलं गबाळं काम त्या डिझायनरचं नव्हे, असं संग्रहालयाच्या पारख्यानं ठासून सांगितलं. कापड आणि टाके मात्र त्याच काळातले, हेही त्यानं नाइलाजानं कबूल केलं.

रफूवालीनं हात जोडले. "आला तसाच परत दिला, साहेब. चोर ठरले तर उद्या कुणी फाटका रुमालसुद्धा हाती देणार नाही."

मालकीणबाईंनी लग्नाचा फोटो पुढे केला. त्यात नवरीचे खांदे अगदी एका रेषेत होते. आई मात्र तीन दिवस या विषयावर अवाक्षर बोलत नव्हती. आत्ताही ती खिडकीशी बसून डाव्या खांद्यावरून घसरणारी शाल पुन्हा पुन्हा वर ओढत होती.

"आजी, तुमचे कपडे कोण शिवतं?" सासऱ्यांनी विचारलं.

उत्तर मालकीणबाईंनीच दिलं. आई आपले सैलसर कपडे स्वतःच शिवते, लग्नानंतर तिनं कुठल्याही शिंप्याला माप दिलेलं नाही.

सासरे खुर्ची ओढून बसले. "नक्कल करणारा फोटोबरहुकूम सरळ गाऊन शिवेल. इथं एक बाजू आखूड आहे आणि त्याच बाजूला गादी आहे. ही चूक नाही, हे माप आहे. गाऊन अस्सल आहे. तो पुतळ्यावर वाकडा दिसतो, कारण पुतळा सरळ आहे."

"म्हणजे आजींचा खांदा..." जावईबापूंनी तोंड उघडलं. सासऱ्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"कुणाचं माप, ते सांगायचा हक्क माझा नाही," ते म्हणाले.

मग म्हातारी उठली, शाल खुर्चीवर ठेवून गाऊन मागून घेतला आणि रफूवालीला घेऊन पडद्याआड गेली. बाहेर आली तेव्हा गाऊन कमरेत ढिला होता, पण खांदे एका रेषेत होते. जावईबापूंना भरून आलं.

"पाठ माझी वाकडी, लहानपणापासून," ती मुलीला म्हणाली. "तुझ्या बाबांखेरीज आणि त्या शिवणाऱ्याखेरीज कुणाला कळू दिलं नाही." मग ती रफूवालीकडे वळली. "लाज माझी, आणि चोर तू ठरलीस. तरी मी गप्प बसले. माफ कर मला."

रफूवालीनं डोळे पुसले.

"जरा इकडे पाठ करा, आजी," ती म्हणाली. "वरचा हूक राहिलाय."