तोंड दिसेपर्यंत

८०

कचरूआप्पा घरातून निघाले ते एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर आणायला. सकाळचे साडेदहा वाजले होते. पायात स्लीपर, अंगात कंपनीतला जुना तपकिरी शर्ट, हात कोपरापर्यंत राखाडी. गारखेड्यातलं हार्डवेअरचं दुकान घरापासून चार गल्ल्यांवर. दुकानातल्या कॅमेऱ्यात आप्पा दिसतात. दोन पेपर घेतात, गुंडाळी करून काखेत धरतात, दुकानदाराला काहीतरी म्हणतात, तो हसतो, आणि दहा बावन्नला ते घराच्या दिशेनं वळतात. पुढचा कॅमेरा मेडिकलच्या दारावर आहे. त्यात ते येत नाहीत. दोन्हींच्या मध्ये साठ पावलं, एक बंद शटर आणि एक सलग भिंत. गल्ली नाही, बोळ नाही.

ती साठ पावलं त्यांच्या मुलानं, प्रणयनं, मोजली होती. अकरा दिवसांत किती वेळा, हे मोजलं नव्हतं.

बसस्टँड झालं, रेल्वे स्टेशन झालं, खुलताबादच्या घाटापर्यंतचे सगळे धाबे झाले, गुलमंडीत खांबाखांबावर फोटो चिकटवून झाले. पोलीस म्हणाले, घरी थांबा, फोन करू. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, माझ्या माहेराकडं एक अंजन बघणारा आहे, अंगठ्याच्या नखावर काजळ लावतो आणि हरवलेलं माणूस त्यात दाखवतो. प्रणयच्या आईनं, सत्यभामाबाईंनी, हात जोडले. आमच्यात नाय ते, म्हणाल्या. ह्यांनी ऐकलं तर परत आलेले परत जातील.

बाराव्या दिवशी प्रणयच्या हातांना काही काम उरलं नाही. अंगणात आप्पांची जुनी गाडी विटांवर उभी होती. चारही चाकं, म्हणजे अॅल्युमिनियमची मॅगव्हील, काढून आप्पांनी स्वतः घासायला घेतली होती. तीन झाली होती, गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवलेली. चौथ्याचा रंग त्यांनी रिमूव्हर लावून उतरवला होता, पापडासारखे पोपडे अजून अंगणाच्या कडेला पडले होते. पण ते चाक ऐंशीच्या पेपरवर थांबलं होतं. धातूवर सगळीकडे खोल ओरखडे, एकाच दिशेचे, म्हाताऱ्या हाताच्या जोराचे.

प्रणय आप्पांच्या स्टुलावर बसला आणि चाक मांडीवर घेतलं.

१२०

आप्पा चिकलठाण्यात बफिंगच्या शॉपमध्ये एकतीस वर्षं होते. प्रणय वाळूजला क्वालिटीत आहे. बापानं चकाकी आणायची आणि मुलानं खोट काढायची, असं आप्पाच हसून सांगायचे. त्यांच्या शॉपमध्ये पॉलिश मोजायचं यंत्र नव्हतं. एकच माप होतं. तोंड दिसलं का? दिसलं तर जॉब पास. नळाची तोटी असो नाहीतर दवाखान्याचा ट्रे, तोंड दिसल्याशिवाय हातातून सोडायचा नाय.

नंबर मोठा तेवढा पेपर बारीक. आधीच्या पेपरचा ओरखडा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. ऐंशीचे ओरखडे उभे, तर एकशेवीस आडवा. प्रणयनं हे लहानपणी पाहिलं होतं, आता हातानं आठवत होतं. पाणी, पेपर, फडका. संध्याकाळपर्यंत आप्पांच्या हाताचे ओरखडे त्यानं पुसून टाकले. मग थोडं वाईट वाटलं.

२२०

दोनशेवीसवर अॅल्युमिनियम सायीसारखं मॅट होतं. त्यात काही दिसत नाही. दिसू नये.

पाणी मारून चाक पुसलं तेव्हा रिमच्या आतल्या कडेला एक तपकिरी डाग राहिला होता. प्रणयनं त्याला मनात ऑक्साइड म्हटलं आणि तिथंच घासलं. डाग गेला नाही. जरा सरकला.

त्यानं चाक फिरवलं. डाग फिरला नाही. म्हणजे प्रतिबिंब. मागं वळून पाहिलं तर फाटक होतं, आणि फाटकात कोणी नव्हतं. अंगणात तपकिरी काहीच नव्हतं. त्यानं चाक सावलीत नेलं, मग गच्चीवर नेलं. गच्चीवर डाग जिन्याच्या तोंडाशी. खाली आणलं, पुन्हा फाटकापाशी. अंगठ्याएवढा. उभा.

क्वालिटीत तो अशा वेळी दुसऱ्याला बोलवायचा आणि काही न सांगता विचारायचा, काय दिसतंय? त्यानं बायकोला हाक मारली. सरिता ओल्या हातांनी आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, "फाटकाला कडी लावलीय का आपण?"

४००

चारशेला अंगण पुसट दिसायला लागलं. फाटक, कपड्यांची दोरी, पाणी तापवायचा बंब. माणूस मात्र अंगणापेक्षा स्वच्छ होता. फाटकाच्या आत आलेला. काखेत गुंडाळी.

सत्यभामाबाई खाली बसल्या, पदरानं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. रडल्या नाहीत.

"चालत्यात," त्या म्हणाल्या. "गुडघा धरलाय त्यांचा. बघ कसा पाय टाकत्यात."

प्रणयला पाय टाकणं दिसत नव्हतं. त्याला थांबलेला माणूस दिसत होता, जो नजर काढून परत वळवली की थोडा पुढं असायचा. पण पेपर चालू नसला तर नाही. तासभर चाक तसंच ठेवून त्यानं बघितलं, माणूस तसूभर हलला नाही. घासायला लागला की यायचा. नियम एवढाच होता. जेवढं बारीक घासणं, तेवढे आप्पा जवळ.

तो हे मानत नव्हता. आप्पाही मानले नसते, भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला ते दोन्ही वेळचं जेवण झालंय का म्हणून विचारायचे. पण घासायला मानावं लागत नाही. प्रणयनं कंपनीत आणखी चार दिवसांची रजा टाकली. सरितानं दोनदा विचारलं, बारा-तेरा दिवस ते चालतायत तर कुठून चालतायत? उत्तर शोधायला कोणाचे हात मोकळे नव्हते.

६००

सहाशेला ते दोरीपाशी आले.

आता शर्टाची बटणं मोजता येत होती. वरचं तुटलेलं. नखं दिसत होती, नखांतली राखाडी रेघ दिसत होती. फक्त मानेच्या वर काही नव्हतं. म्हणजे होतं, पण सायीसारखं, पुसट. बाकी सगळा माणूस सहाशेवर आणि तोंड दोनशेवीसवरच राहिलेलं.

"तोंड राहिलंय," आई म्हणाली.

"तोंड शेवटी येतं. हजारला येईल."

"दोन पावलं राहिलीत रे."

"येतील, आई."

त्यानं हजारचा पेपर पाण्यात भिजत टाकला आणि फोन वाजला. चौकीवरून होता. सरकारी दवाखान्यात एक माणूस आणलाय, सत्तरीचा, तपकिरी शर्ट, येऊन ओळख पटवा. प्रणय चाकाकडं बघत उभा राहिला. यांतले खरे आप्पा कोणते, हे दवाखान्यात जाऊनच कळणार होतं. त्यानं सरिताला मोटारसायकलवर मागं घेतलं, कारण एकट्यानं चादर उचलायची त्याची छाती नव्हती. निघताना आईला एवढंच सांगायला हवं होतं की मी येईतो चाकाला हात…

राख

दवाखान्यातला माणूस दुसऱ्याच कोणाचा तरी बाप होता.

परत यायला अडीच तास गेले. सत्यभामाबाई अंगणात चाकासमोर बसलेल्या. हात कोपरापर्यंत काळे.

त्यांनी जन्मभर पितळ घासलं होतं. कळशी, तांब्या, घंगाळ. काळवंडलेल्या घंगाळात तोंड दिसायला किती वेळ लागतो हे त्यांना पाठ होतं. चहाला आधण येईपर्यंत. आणि लेक चार दिवस झाले कागदच घासत बसला होता. त्यांनी बंबातली राख घेतली. चिंच घरात नव्हती म्हणून कपड्याचा सोडा कालवला. जाड लेप दिला आणि वर ओला फडका टाकून ठेवला.

अॅल्युमिनियम सोड्यानं काळं पडतं. बफिंगवाल्याला हे माहीत असतं, क्वालिटीवाल्याला माहीत असतं. बफिंगवाल्याच्या बायकोला ते चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

चाक तव्यासारखं झालं होतं. प्रणयनं पाणी ओतलं, आणखी ओतलं. काळ्यात काही नव्हतं.

"मला वाटलं लवकर येतील," त्या म्हणाल्या.

प्रणयला ओरडता आलं नाही. त्यानं विचारलं, फडका टाकताना आप्पा कुठं होते?

"हितंच. जवळ." त्यांनी काळा हात छातीपाशी नेला. "मी लेप द्यायला लागले तर दोन्ही हात वर केले त्यांनी. मला वाटलं, बोलावत्यात."

८० १२० २२० ४०० ६००

पहिल्यापासून सगळं. चार दिवसांचं काम एका दिवसात, पहाटे बसून. सरिता पाणी ओतत होती, आई पेपर फाडून देत होती. बोटांची कातडी गेली तेव्हा त्यानं चिंधी बांधली, चिंधी गेली तेव्हा तसाच घासत राहिला. पाण्यात राखाडी आणि लाल.

दोनशेवीसला डाग नाही.

चारशेला अंगण. रिकामं.

सहाशेला दोरी. दोरीवरचे टॉवेल.

"थांबले आसतील," आई म्हणाली. "अंधार झाला तर माणूस थांबतं."

१०००

फाटक, दोरी, बंब, सरिता, आई. तीन माणसांचं अंगण.

प्रणयनं फाटकापासून इंच इंच शोधलं, पार्ट तपासावा तसं. खोट कुठंच नव्हती.

२०००

दुपारी चारला तोंड दिसलं. स्वतःचं. दाढीचा केस न् केस. खांद्यामागं आई, सरिता, घराचं दार.

आप्पांनी जॉब पास केला असता.

"गेले," आई म्हणाली आणि पहिल्यांदा रडली. लहान मुलासारखी, तोंड उघडं टाकून. मी लावलं काळं, मी लावलं, एवढंच म्हणत राहिली. प्रणयनं चाक खाली ठेवलं आणि तिला धरलं. काळं असताना ते थांबले असतील असं आपण का धरून चाललो, हा विचार त्याच्या मनात तेव्हा आला.

काळ्यातही माणूस चालू शकतो. दोनच पावलं राहिली होती.

घरात बाथरूमची कडी आतून लागली.

नंबर नाही

तिघंही अंगणात होते.

बादलीत पाणी पडायला लागलं. कोणीतरी खाकरलं. रात्रपाळीवरून आल्यासारखं, दमलेलं, ओळखीचं.

सत्यभामाबाईंनी डोळे पुसले, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि आत गेल्या. त्यांना थांबवायला प्रणयनं हात पुढं केला होता. तो हात त्यानं मागं घेतला. इतके दिवस त्यानं हेच मागितलं होतं.

बाथरूमची कडी निघाल्याचा आवाज आला. दारातून त्याला खाट दिसली. खाटेवर पाठमोरं बसलेलं. तपकिरी शर्ट पाठीला चिकटलेला, पाणी फरशीवर ठिबकतंय. डोक्यावरून टॉवेल घेतलेला आणि दोन्ही हात तोंडावर. पुसतायत. लहान लहान गोल. मग उभं. मग आडवं.

"आप्पा," प्रणय म्हणाला.

हात थांबले नाहीत.

पलीकडं जाऊन समोरून बघायला सहा पावलं लागली असती.

आई बाहेर आली. हातातला टॉवेल काळा झालेला. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की सरितानं नजर फिरवली. दुसरा दे, आई म्हणाली. सरितानं दिला. आत पुसण्याचा आवाज येत राहिला. कापडाचा नव्हे. ओल्या, कडक कशावर तरी कापड फिरल्याचा.

मग तिसरा. तोही काळा आला.

आई पुन्हा दारात आली तेव्हा हात रिकामे होते. ती हळू आवाजात बोलली, आजारी माणसाजवळ बोलावं तशी.

"टॉवेलानं तोंड नाय निघायचं म्हणत्यात. खरबरीत काय आसंल तर आण म्हणले."

आतला आवाज थांबला होता. हात पुढं करून कोणीतरी बसलंय, असं शांत झालं होतं.