थेंबाचा आवाज

फोनला वेगवेगळे आवाज लावायचं खूळ माझ्या बायकोचं. मी लिफ्टवाला माणूस. शहरातल्या डझनभर बिल्डिंगांच्या लिफ्ट माझ्याकडे. आत कोणी अडकलं आणि घंटेचं बटण दाबलं, की माझ्या फोनवरचं ॲप वाजतं. उचललं की आतल्या माणसाशी बोलता येतं. पण व्हायचं काय, लिफ्टची घंटा, मेव्हण्याचे सुविचार, दुकानांच्या जाहिराती, सगळ्यांचं एकच टिंग. दर टिंगला मी भरल्या ताटावरून उठायचो.

“अहो, कान किटले माझे,” बायको एकदा म्हणाली. “आणा तो फोन इकडे.”

बसली सेटिंग उघडून. आधी स्वतःच्याच भावाला गप्प केलं, मग जाहिरातींना. मग एकेका बिल्डिंगला स्वतंत्र आवाज. शाळेला शिट्टी, बँकेला टाळी, हॉस्पिटलला भोंगा. शेवटी राहिली ती दवाखान्यांची जुनी बिल्डिंग. तिला पाण्याच्या थेंबाचा आवाज लावला. टप्प. आता फोन न बघताही मला कळायचं, कोण बोलावतंय ते.

त्या बिल्डिंगमध्ये साफसफाई करायला एक मावशी यायच्या. लिफ्टची त्यांना भयंकर भीती. पण गुडघे गेलेले, जिना चढवत नव्हता. मग त्यांनी आपला एक उपाय काढला होता. लिफ्टमध्ये बादली ठेवायची आणि आधी घंटा दाबायची. मी उचललं की विचारायच्या, “भाऊ, आहात ना?”

“आहे मावशी.”

“मग ठीक आहे.” आणि मग मजल्याचं बटण.

सुरुवातीला मला गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू. पण वर जाताना टप्प, खाली येताना टप्प, बादली विसरली म्हणून परत टप्प. एकदा मी दुसऱ्याच बिल्डिंगच्या गच्चीवर मोटार खोलून बसलो होतो, हात ग्रीसने बरबटलेले. फोन वाजला. उचलायला गेलो आणि पाना निसटून पायावर आदळला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पलीकडून मावशी शांतपणे विचारतायत, “भाऊ, आहात ना?”

आमच्या धंद्यातला एक नेम आहे. लिफ्टची घंटा फोनवर गप्प करायची ती फक्त आपण स्वतः ती लिफ्ट उघडून बसलो असू तेव्हा. आणि काम झालं की पाना पेटीत टाकायच्या आधी आवाज पुन्हा चालू करायचा. नव्या माणसांना मीच हे दमात घेऊन शिकवलंय. त्या संध्याकाळी मी घरी सोफ्यावर लंगडा पाय वर घेऊन बसलो होतो, आणि बायकोला विचारलं, “हा थेंब बंद कसा करायचा?”

“बंद नका करू हो. बारीक करा हवं तर. म्हातारं माणूस आहे.”

“मी काय नातू आहे तिचा?” असं म्हणालो मी. आणि अंगठ्याने दाबलं. घंटीच्या चित्रावर आडवी रेघ आली.

दवाखाने शनिवारी दुपारी बंद होतात ते सोमवारी उघडतात. दुसऱ्याच दिवशी शनिवार होता. मावशी शेवटचा मजला पुसून, घंटेला उत्तर आलं नाही तरी गुडघ्यांपायी लिफ्टनेच खाली यायला निघाल्या आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. त्यांचा फोन खाली पिशवीत, चपलांपाशी. सुनेला वाटलं, सासूबाई परस्पर लेकीकडे गेल्या. आणि मी? मी सोफ्यावर पडलो होतो, फोन छातीवर. बायकोला म्हणालो सुद्धा, “बघ, किती निवांत सुट्टी चाललीय.”

सोमवारी दार मीच उघडलं. मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या, हात वर, बोट घंटेच्या बटणाशी. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. बिल्डिंगवाले म्हणाले, यंत्र आहे, बिघडायचंच. सून माझे हात धरून रडली, “तुम्ही बोलायचात म्हणून त्यांना धीर होता.” मी हात सोडवून घेतले. जिन्यात जाऊन ॲप उघडलं. आलेल्या घंटा बोटाने वर सारत गेलो, त्या संपेचनात. मी मारलं त्यांना. कोणी म्हणो न म्हणो, मी मारलं.

थेंबाचा आवाज तिथेच पुन्हा चालू केला. आता काय उपयोग होता त्याचा.

ती लिफ्ट कायमची बंद केली. मुख्य स्विच मी पाडला, बॅटरी मी काढली, दाराला कुलूप मी घातलं. आणि काही दिवसांनी, भर दुपारी, जेवताना... टप्प.

बायकोचा घास हातातच राहिला. मी उचललं. आधी नुसती घरघर. मग फिनेलचा वास आला, फोनमधून, शपथ घेऊन सांगतो. मग अगदी हळू...

“भाऊ... आहात ना?”

मी कसंबसं म्हणालो, “आहे... मावशी.”

“मग ठीक आहे.”

त्यानंतर रोजच. बायको म्हणाली फोन फेकून द्या. मी म्हटलं, एकदा गप्प केलं ना, आता मरेपर्यंत उचलणार. आणि खरं सांगू, ते ‘मग ठीक आहे’ ऐकलं की जीव भांड्यात पडायचा. वाटायचं, फिटतंय थोडं थोडं.

काल दुपारी ते ‘मग ठीक आहे’ आलं नाही.

“मी बरी आहे हो,” मावशी म्हणाल्या. “पण ही बाई केव्हाची घंटा दाबतेय... तिचं का नाही ऐकत कोणी?”

त्यांच्या मागे कोणीतरी पत्र्यावर तळहात आपटत होतं. थांबून थांबून, दमल्यासारखं.

“कोण बाई? कुठली बिल्डिंग? मावशी, विचारा तिला!”

“विचारलं... तिच्याच्यानं बोलवत नाही आता.”

मी सगळी सेटिंग तपासली. एकही घंटा गप्प नव्हती. रात्रभर माझ्याकडची एकेक लिफ्ट उघडून पाहिली, सगळ्या रिकाम्या. तेव्हा उजाडलं डोक्यात. ती माझ्याकडची नाहीच. दुसराच कोणी लिफ्टवाला फोन गप्प करून कुठेतरी निवांत पडलाय. आज पहाटे परत थेंब वाजला. आपटणं आता फार हळू झालंय.

म्हणून तेव्हापासून दारोदार फिरतोय, वॉचमनसाहेब. चार ठिकाणी वेडा म्हणून हाकललं, म्हणून तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तुमची लिफ्ट बंद असल्याची पाटी वाचली मी. महिनाभर वीजच तोडलीय म्हणता, मान्य आहे.

मग त्या लिफ्टच्या दाराच्या फटीतून उजेड येतोय, तो कसला?